डेटाचे वकील आपल्यासाठीपण हवेत

संपादक महोदय,

प्रायव्हसीचे, म्हणजे लोकांची खासगी माहिती (डेटा) जपण्याच्या कायद्याचे वकील म्हटलं की मोठ्या कंपन्यांची कामं करणारेच डोळ्यासमोर येतात, आणि ते खरंही आहे म्हणा, फी तिथूनच येते. पण याच विषयातल्या काही लॉ फर्म छोट्या सेवाभावी संस्थांना फुकट किंवा कमी फीमध्ये सल्ला देतात, त्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही म्हणून हे पत्र.

युरोपात २०१८ पासून जीडीपीआर हा डेटा संरक्षणाचा कायदा लागू आहे, त्यात कुणीही कंपनीला विचारू शकतो की माझी कुठली माहिती तुमच्याकडे आहे, आणि साधारण एक महिन्यात उत्तर द्यावं लागतं. मॅक्स श्रेम्स नावाच्या ऑस्ट्रियन लॉ स्टुडंटने तर त्याच्याही आधी, २०११ मध्ये फेसबुककडे आपला डेटा मागितला तर १२०० च्या वर पानं आली!! त्याच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या केसमध्ये २०१५ ला युरोपातला डेटा अमेरिकेला पाठवू देणारा सेफ हार्बर करारच युरोपच्या कोर्टाने रद्द केला, २०२० मध्ये त्याच्या जागी आलेला प्रायव्हसी शील्डपण गेला.

पण सगळेच काही श्रेम्स नसतात ना. हिंसाचारातून सुटलेल्या बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे पत्ते, मेडिकल कागद, सगळं असतं, ते लीक झालं तर दंडाचं सोडा, एखादीच्या जिवावर बेतेल, आणि अशा संस्थेकडे वकिलाचं बजेट शून्य. मोठ्या फर्मनी आपले थोडे तास इथे द्यावेत, नुसतं वेबसाईटवर 'सामाजिक जबाबदारी' लिहून काय होतंय.

- एक वाचक