गोल काढा, पण शेजारचा चेहरा त्यात जाऊ देऊ नका

माननीय संपादक,

गेल्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत एका शाळेचा जुना ग्रुप फोटो आला होता, चार रांगा, मधे खुर्चीवर बाई, आणि त्यात पुढे मोठं नाव काढलेल्या एका विद्यार्थिनीभोवती लाल गोल. लेख छान होता, आवडला. पण त्या गोलाची रेघ इतकी जाड होती की डावीकडे उभ्या असलेल्या मुलीचा अर्धा चेहरा तिच्याखाली गेलाय. ती मुलगी माझी आई आहे.

आईला मीच पेपर दाखवला. ती खिडकीपाशी घेऊन गेली, चष्मा वर सरकवला आणि दुसऱ्या रांगेत डावीकडून बोट ठेवत मोजायला लागली, एक, दोन, तीन, चार, आणि बोट त्या लाल रेघेवर येऊन थांबलं. "ही मीच ना गं?" म्हणाली. एक डोळा, एक वेणी आणि खांदा, एवढंच उरलं होतं. हा फोटो आमच्या घरात नाही, तिने तो इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच बघितला.

मी भांडायला लिहीत नाहीये. मी स्वतः रोज फोटोंवर काम करते त्यामुळे हे कसं होतं ते मला नीट माहीत आहे, आणि पाच मिनिटांत टाळता येतं हेही, म्हणून लिहावंसं वाटलं.

सगळ्यात आधी रेघ जाड का होते ते सांगते. स्कॅन असतो समजा 4000 पिक्सेल रुंद, तो स्क्रीनवर मावावा म्हणून झूम कमी केलेला असतो, मग 3 पिक्सेलची रेघ दिसतच नाही, माणूस 10 करतो, 20 करतो, शेवटी 40 केल्यावर ती "चांगली दिसते". पण त्या स्कॅनमधे एकेक चेहराच 120 पिक्सेलचा असेल तर 40 म्हणजे शेजारणीचा एक तृतीयांश चेहरा गेला, ग्रुप फोटोत खांद्याला खांदा लावून उभं असतात, मधे मोकळी जागा कुठे असते? म्हणून फोटो आधी छापायच्या साइजला आणायचा, मग 100 टक्के झूमवर बघून रेघ ठरवायची. 300 पीपीआयला, म्हणजे एका इंचात 300 पिक्सेल असताना, 6 पिक्सेल म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर होतो, छापील पानावर तेवढी रेघ डोळ्याला पुरते.

दुसरं, रेघ कुठे बसते ते. फोटोशॉपमधे सिलेक्शन करून, म्हणजे हवा तेवढा भाग निवडून, एडिट मेन्यूतल्या स्ट्रोकवर, म्हणजे कडेने रेघ मारायच्या सोयीवर, गेलं की इनसाइड, सेंटर, आउटसाइड असे तीन पर्याय येतात आणि घाईत तिकडे कुणाचं लक्षच जात नाही. इनसाइड केलं तर रेघ ज्याला दाखवायचंय त्याचेच केस-कान खाते, आउटसाइड केलं तर शेजाऱ्याचे, आणि चौकोनी चौकट असेल तर आउटसाइडला कोपरे गोलसर होतात ते वेगळंच. गिम्प या फोटोंच्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमधे हा पर्यायच नाही, तिथे स्ट्रोक सिलेक्शन केलं की रेघ कडेच्या दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी बसते, 6 ची असेल तर 3 आत 3 बाहेर, त्यामुळे सिलेक्शन करतानाच तेवढा हिशोब धरावा लागतो. आणि फोटोशॉपच्या सिलेक्ट मेन्यूत मॉडिफायखाली 'बॉर्डर' नावाचं जे आहे त्याच्या नावावर जाऊ नये, त्यात रंग भरला की दोन्हीकडून पुसट झालेला पट्टा मिळतो, स्वच्छ रेघ मिळत नाही. नवीन मुलं हमखास तिथेच जातात.

पण माझा सगळ्यात जास्त जीव अडकलाय तो वेगळ्या लेयरवर, म्हणजे फोटोवर पारदर्शक कागदासारखा ठेवता येतो त्या वेगळ्या थरावर. फोटोच्या लेयरवरच स्ट्रोक मारला की खालचे पिक्सेल गेले, फाइल सेव्ह करून बंद केली की परत येत नाहीत, आणि जुन्या फोटोचा स्कॅन बऱ्याचदा एकच असतो, मूळ प्रत ज्यांची त्यांना परत गेलेली असते. नवीन रिकामा लेयर घ्या आणि त्यावर स्ट्रोक मारा, एवढं केलं तरी पुरे. मी स्वतः शेप टूलने गोल किंवा चौकोन काढते, फिल, म्हणजे आतला रंग, काहीच नाही, फक्त स्ट्रोक. सीएस 6 या आवृत्तीपासून, म्हणजे 2012 पासून फोटोशॉपमधे हे आहे. अशी चौकट नंतर बारीक करता येते, सरकवता येते, रंग बदलता येतो, नको असेल तर बंद करता येते, खालचा फोटो जसाच्या तसा. काहीजण तेवढा भाग कीबोर्डवर कंट्रोल आणि जे दाबून नव्या लेयरवर घेतात आणि त्याला लेयर स्टाइलमधून स्ट्रोक देतात, तेही चालतं, फक्त नंतर मूळ फोटो उजळ-बिजळ केला तर वरचा तुकडा जुनाच राहतो आणि पॅच दिसतो.

रंगाचंही सांगते. छपाईत लाल हा मॅजेंटा आणि पिवळ्या शाईचा मिळून होतो, त्यातल्या एका शाईची छपाईची प्लेट केसभर जरी सरकली तरी बारीक लाल रेघेला दुसऱ्या रंगाची किनार दिसते, आणि मग ती झाकायला रेघ अजून जाड करतात. काळ्यापांढऱ्या फोटोवर लालची गरजच नाही खरं तर. आत 3 पिक्सेल पांढरी आणि तिला लागून बाहेर 2 पिक्सेल काळी अशी जोडरेघ करून बघा, गडद कपड्यावर पांढरी उठून दिसते, उजळ भिंतीवर काळी, काळी एकाच शाईची असल्यामुळे तिला दुसऱ्या रंगाची किनार येत नाही, आणि ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्यांनाही ती दिसते.

आणि इतकी दाटी असेल की कुठलीच रेघ बसत नाही तर गोल काढूच नका ना. 'दुसऱ्या रांगेत डावीकडून पाचव्या' एवढं फोटोखालच्या ओळीत लिहिलं की वाचक शोधतात, आवडीने शोधतात. नाहीतर तेवढा चेहरा मोठा करून फोटोच्या बाजूला वेगळ्या चौकटीत द्या. चौकट आपण घातलेली आहे, मूळ फोटोत नव्हती, हेही ओळीत यावं असं मला मनापासून वाटतं, कारण पुढे कुणीतरी तेच कात्रण स्कॅन करून जपून ठेवणार असतं.

आता एक विनंती. तुमच्याकडे त्या फोटोचा गोल न काढलेला स्कॅन शिल्लक असेल तर तो एकदा परत छापा, लहान छापला तरी चालेल. आईने तो अंक अजून रद्दीत टाकू दिलेला नाही.

आपली,
एक वाचक