रातांबे मे महिन्यात पिकतात, मंत्रिमहोदय

मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सादर नमस्कार.

मी कुडाळ तालुक्यातली. बचतगटातल्या आम्ही अकरा जणी मिळून रातांब्यांपासून, म्हणजे कोकमाच्या फळांपासून, आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि थोडं कोकमाचं तेल करतो. हे पत्र निर्यातीबद्दल आहे. त्यातही पहिल्या खेपेबद्दल, कारण आमच्यासारख्यांचं घोडं तिथेच अडतं.

२०२३ च्या मे महिन्यात आमच्याच भागातले, दुबईत किराणा दुकान चालवणारे एक गृहस्थ गावी आले होते. आमची आमसुलं त्यांना आवडली. परत गेल्यावर त्यांचा फोन आला: तीनशे किलो पाठवा, पण आधी नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल आणि अरबी मजकुराचं लेबल हवं. त्या रात्री आम्हा कुणालाच झोप लागली नाही. नमुना घेऊन मी कोकणकन्या एक्स्प्रेसने नवी मुंबईला गेले. पहिला नमुना ओलाव्यावर नापास झाला. दुसऱ्यात वाळूचे कण निघाले. आम्ही सालींना आगळाची पुटं देऊन अंगणात ताडपत्रीवर वाळवतो, वाऱ्याने धूळ येतेच. जाळीच्या आच्छादनाखाली, जमिनीपासून उंच फळीवर वाळवायचं, एवढं कुणी मार्चमध्ये सांगितलं असतं तर दोन फेऱ्या आणि दोन तपासण्यांचे पैसे वाचले असते. तिसरा नमुना पास झाला तेव्हा हातातली रोकड संपली होती. शेवटी वाशीच्या एका व्यापाऱ्याने सगळा माल उचलला आणि स्वतःच्या नावावर पाठवला. आमच्या अंगणातली आमसुलं दुबईला पोचली, आमचं नाव पोचलं नाही.

रोकड का संपली, ते नीट सांगते, कारण सगळ्या योजनांची गाठ इथे सुटते. रातांबे एप्रिलअखेरीपासून पिकू लागतात आणि मृगाचा पाऊस धरला की खेळ संपतो. एवढ्या पाच-सहा आठवड्यांत वाडीवाडीवरून फळ गोळा करायचं, आणणाऱ्या बाईच्या हातावर त्याच दिवशी पैसे ठेवायचे, मीठ आणायचं, मजुरी द्यायची. बाहेरदेशी माल गेला तर त्याचे पैसे यायला दोन-तीन महिने सहज लागतात. मधल्या काळासाठी बँकेकडे गेलं की ती तारण मागते. कोकणातला सातबारा आपल्याला नव्याने सांगायला नको. आमच्या जमिनीवर चौदा नावं आहेत, त्यातली सहा माणसं मुंबईत, दोन हयात नाहीत. ती जमीन तारण ठेवायची कुणाच्या सहीने? निर्यातीच्या ऑर्डरवर, माल पाठवण्याआधी मिळणाऱ्या कर्जाबद्दल, म्हणजे पॅकिंग क्रेडिटबद्दल, मी शाखेत विचारलं. ते जिल्ह्याच्या ठिकाणी विचारा, असं उत्तर मिळालं.

केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान आहे. आमच्या ओळखीतल्या दोघींना त्यातून यंत्रं मिळाली, त्याबद्दल मनापासून आभार. पण ते अनुदान कर्जाला जोडलेलं असतं आणि तीन वर्षांनी कर्जात वळतं होतं. यंत्र उभं राहिलं, त्यात घालायला फळ कशाने घ्यायचं? म्हणून आमची पहिली मागणी अशी की पहिल्या खेपेसाठी दोन-तीन लाखांपर्यंतची रक्कम बिनतारण मिळावी, ऑर्डर आणि पास झालेला नमुना बघून मिळावी, आणि मार्चअखेरपर्यंत हातात यावी. परदेशातून पैसे आले की बँकेने ती परस्पर वळती करून घ्यावी. आम्हाला फुकट काही नको. ऑगस्टमध्ये मंजूर झालेले पैसे मात्र रातांब्याच्या कामाचे नाहीत.

प्रशिक्षणांना मी तीनदा गेले आहे. बोलायला आलेली माणसं जाणकार होती, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण दिवसभर एफओबी, सीआयएफ असले निर्यातीच्या भावाचे प्रकार ऐकायचे, फाइल आणि प्रमाणपत्र घ्यायचं आणि पाचची एसटी गाठायची, यातून हातात काय आलं? निर्यातीचा पहिला कागद म्हणजे आयईसी, आयात-निर्यातीचा कोड. केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाच्या (डीजीएफटी) पोर्टलवर ५०० रुपयांत मिळतो. पॅन, बँकेचा चेक आणि आधारवरची सही लागते. त्याच हॉलमध्ये दहा लॅपटॉप ठेवून प्रत्येकीचा आयईसी तिथल्या तिथे काढून दिला असता तर तो दिवस सत्कारणी लागला असता. आणखी एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. हा आयईसी दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अद्ययावत करावा लागतो, नाहीतर निष्क्रिय होतो. नेमके हेच महिने आम्ही आगळात कोपरापर्यंत हात घालून असतो. आमच्या गटाचा आयईसी तसाच निष्क्रिय झाला होता. एक फोन, एक मेसेज पुरला असता.

प्रशिक्षण खेपेबरोबर चालावं. जिल्हा उद्योग केंद्रात निर्यातीचं काम प्रत्यक्ष केलेला एक माणूस द्या, आणि वर्षाला वीस-पंचवीस उद्योगांची पहिली खेप बंदरातून सुटेपर्यंत त्याने त्यांच्याबरोबर राहावं. वाळवणीपासून लेबलपर्यंत, कस्टमला द्यायच्या शिपिंग बिलापासून बँकेच्या कागदांपर्यंत. कोकम मसाला मंडळाच्या यादीत आहे, फळांपासून केलेले पदार्थ अपेडाकडे, म्हणजे शेतमालाची निर्यात बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेकडे, येतात. मग आमच्या आगळाची नोंदणी कुठे, हे विचारत मी तीन कचेऱ्या फिरले. असा माणूस असता तर दहा मिनिटांत उत्तर मिळालं असतं.

हे होऊ शकतं, हे हापूसने दाखवलंय. अमेरिकेने १९८९ पासून आपला आंबा बंद ठेवला होता, तो १८ वर्षांनी, २००७ मध्ये पुन्हा गेला, कारण विकिरण केंद्र (किरणांनी फळातली कीड निकामी करणारं) आणि तपासणीची व्यवस्था सरकारने उभी केली. २०१४ मध्ये फळमाशीमुळे युरोपने दार लावलं. पुढच्याच वर्षी ते उघडलं. पणन मंडळाची आंबा निर्यातीची सुविधा आज रत्नागिरीतही आहे. बागायतदार एकटा हे कधीच करू शकला नसता. आणि एवढं असूनही मे २०२५ मध्ये नवी मुंबईतून प्रक्रिया होऊन गेलेल्या आंब्याच्या १५ खेपा अमेरिकेत नाकारल्या गेल्या, तेही कागदपत्रांतल्या त्रुटींमुळे. मुरलेल्या निर्यातदारांना कागद नडतो, तर आमची काय कथा!

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमला आणि वेंगुर्ल्याच्या काजूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा अधिकृत वापरकर्ता होऊन पाकिटावर ती खूण छापलेली बाई मात्र आमच्या ओळखीत अजून नाही.

नमुना तपासायला मुंबई गाठावी लागू नये. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र यांच्याशी बोलून, परदेशात ग्राह्य धरला जाईल असा ओलावा, मीठ आणि जिवाणूंचा अहवाल इथेच आठ दिवसांत मिळेल, असं करा. कोकमाच्या तेलासारखा हलका, महाग माल टपालानेही जाऊ शकतो. डाकघर निर्यात केंद्रं डिसेंबर २०२२ पासून सुरू आहेत, त्यांची माहिती ग्रामसंघाच्या बैठकांपर्यंत पोचवा. आणि जिल्हा निर्यात प्रोत्साहन समितीत आमच्यासारख्या छोट्या उद्योगातली एक बाई असू द्या.

पैसा नाही, असं म्हणवत नाही. राज्याचं निर्यात प्रोत्साहन धोरण २०२३ मध्ये आलं. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये २५,०६० कोटींचं निर्यात प्रोत्साहन मिशन मंजूर केलं. त्यात स्वस्त कर्जही आहे आणि दर्जा, पॅकिंग, वाहतुकीसाठी मदतही. ते कुडाळच्या शाखेतल्या टेबलापर्यंत आणायचं काम आपल्या हातात आहे.

दुबईच्या त्या गृहस्थांचा परवा पुन्हा फोन आला. या वेळी त्यांना पाचशे किलो हवीत, आणि पाकिटावर आमच्या गटाचं नाव चालेल म्हणाले. जाळ्या आणि फळ्या आम्ही वर्गणी काढून आणल्या आहेत, आयईसी पुन्हा सुरू करून घेतला आहे. फळ खरेदीचे दोन लाख कमी पडतात. मार्चअखेरपर्यंत कोणत्या कचेरीत, कुणाकडे अर्ज करायचा, एवढं आपल्या कार्यालयाने कळवावं.

आपली विश्वासू,
बचतगटाची अध्यक्ष
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग