हॅश केलेला नंबर हा नंबरच असतो: केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
भारत सरकार

विषय: ग्राहकांच्या याद्या जाहिरात प्लॅटफॉर्मवर चढवण्याबाबत खात्याने स्पष्टीकरण द्यावे

महोदय,

सप्रेम नमस्कार.

कंपन्यांकडे जमा होणारा ग्राहकांचा डेटा एका जागी आणून त्याचे गट पाडायचे आणि ते गट फेसबुक, गूगलसारख्या जाहिरात प्लॅटफॉर्मकडे पाठवायचे, या कामावर माझं पोट आहे. त्यामुळे हे पत्र जाहिरातींच्या विरोधातलं नाही. ग्राहक-डेटाच्या धंद्यात रोज कानावर पडणाऱ्या एका वाक्याबद्दल मात्र ते नक्की आहे: "हॅश्ड आहे ना, मग त्याचं काही नाही." हॅश करणं म्हणजे ईमेल किंवा नंबराचं ठरलेल्या सूत्राने न वाचता येणाऱ्या अक्षरांच्या ओळीत रूपांतर करणं.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींसाठी कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. तेव्हापासून संमतीचे मजकूर नव्याने लिहिणं चालू आहे. वेबसाइटवरची कुकीला (ब्राउझरमध्ये ठेवली जाणारी, माग काढायला वापरली जाणारी छोटी नोंद) परवानगी मागणारी पट्टी कुठल्या रंगाची असावी यावर बैठका होतात. ग्राहकांची यादी जाहिरात प्लॅटफॉर्मला जोडायचा विषय निघाला की मात्र वरचं वाक्य येतं आणि बैठक पुढच्या मुद्द्याकडे वळते.

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं ते आधी सांगतो, कारण कायद्याच्या चर्चेत ते क्वचितच येतं. खरेदी, ॲपमधल्या हालचाली, तक्रारी, परत केलेल्या वस्तू हे सगळं कस्टमर डेटा प्लॅटफॉर्ममध्ये एका व्यक्तीच्या नावावर जमतं. त्यावर मार्केटिंगवाले सेगमेंट, म्हणजे ग्राहकांचे गट, बांधतात: नव्वद दिवसांत काही न घेतलेले, कार्टमध्ये वस्तू टाकून निघून गेलेले, हप्त्यावर घेणारे, सोडून जाण्याच्या बेतात असलेले. मग डेस्टिनेशन, म्हणजे गट कुठे पाठवायचा ते, निवडायचं. पडद्यावर डावीकडे आपल्या टेबलातले रकाने असतात आणि उजवीकडे जाहिरात प्लॅटफॉर्मला हवे असलेले: ईमेल, मोबाइल, नाव, आडनाव, पिनकोड. एकाला एक जोडायचं, किती वेळाने पाठवायचं ते ठरवायचं आणि सेव्ह करायचं. त्यानंतर यादी रोज आपोआप जात राहते. कुणाला पुन्हा बटण दाबावं लागत नाही आणि ज्याचं नाव त्यात आहे त्याला तर काहीच कळत नाही. पलीकडे फेसबुकवर ही सोय २०१२ पासून आहे, गूगलवर २०१५ पासून. २०२० मध्ये ॲपलच्या सफारी ब्राउझरने दुसऱ्या साइटच्या कुकी पूर्ण बंद केल्या, २०२१ मध्ये ॲपलने ॲपमधल्या मागोव्याला परवानगीची अट घातली, बाहेरून माग काढणं अवघड झालं आणि म्हणून कंपनीच्या स्वतःच्या यादीचा भाव वाढला.

आता हॅशबद्दल. यादी पाठवण्यापूर्वी ईमेलमधली इंग्रजी अक्षरं लहान (लोअरकेस) करायची, मागचीपुढची मोकळी जागा काढायची, मोबाइलला देशाचा कोड लावायचा आणि मग त्यावर एसएचए-२५६ हे हॅशचं सूत्र चालवायचं. प्रत्येक ईमेलची, प्रत्येक नंबरची चौसष्ट अक्षरांची एक ओळ तयार होते. ती बघून माणूस ओळखता येत नाही, एवढं खरं. पण ही साफसफाई आधी का करायची, याचा विचार करावा. जाहिरात प्लॅटफॉर्मनेही आपल्या खातेदारांचे नंबर याच पद्धतीने हॅश करून ठेवलेले असतात, आणि दोन्हीकडच्या ओळी अक्षरन् अक्षर जुळाव्यात म्हणून हा खटाटोप असतो. जुळल्या की खातेदार सापडला. किती टक्के जुळल्या याला आम्ही मॅच रेट म्हणतो आणि तो कमी आला तर आम्हाला जाब विचारला जातो. म्हणजे ओळख पटवणं हेच ज्या प्रक्रियेचं यश, तिलाच ओळख पुसणारी म्हणून पुढे केलं जातं!

मोबाइल नंबरच्या बाबतीत तर आडपडदाही नावापुरताच आहे. आपल्याकडचा मोबाइल नंबर दहा आकडी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणजे सगळे शक्य नंबर धरले तरी ४०० कोटी. एखादं चांगलं ग्राफिक्स कार्ड एवढ्या सगळ्या नंबरांचे हॅश काही मिनिटांच्या आत काढून ठेवू शकतं. त्यानंतर कुठलाही हॅश केलेला नंबर उलटा शोधणं म्हणजे कोष्टकात बघणं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं संरक्षण करणारी सरकारी संस्था) जुलै २०२४ मध्ये लेखी सांगून टाकलं की हॅश केल्याने माहिती निनावी होत नाही.

आपल्या कायद्यात हॅशचा उल्लेख नाही. माणूस ज्या माहितीवरून किंवा जिच्या संदर्भाने ओळखता येतो ती वैयक्तिक माहिती, अशी कायद्याची व्याख्या आहे आणि माझ्या मते ती पुरेशी आहे. पळवाट शोधली जाते ती सहाव्या नियमात. माहिती सुरक्षित ठेवण्याच्या उपायांत तिथे एन्क्रिप्शन (माहिती कुलूपबंद करणं), मास्किंग (काही भाग झाकणं) आणि व्हर्च्युअल टोकन (खऱ्या माहितीऐवजी वापरायची बदली खूण) यांची नावं आहेत. माहिती चोरीला जाऊ नये म्हणून सांगितलेला हा उपाय माहिती कायद्याच्या बाहेर गेल्याचा दाखला म्हणून वाचला जातोय. हे वाचन चूक आहे, असं खात्याने एका ओळीत म्हटलं तरी बरंच काम होईल.

दुसरा प्रश्न हेतूचा. कायद्याच्या सातव्या कलमात एक उदाहरण आहे. औषधाच्या दुकानात एका बाईंनी खरेदी केली आणि पावतीचा मेसेज यावा म्हणून स्वतःहून मोबाइल नंबर दिला. दुकानाने तो पावती पाठवण्यासाठी वापरावा. उदाहरण तिथेच संपतं. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: तोच नंबर त्या रात्री हॅश होऊन, कुठलं औषध घेतलं त्यावरून पाडलेल्या गटात बसून जाहिरात प्लॅटफॉर्मकडे गेला तर?

कॅनडात जवळपास हेच घडलं. होम डेपो ही कंपनी ईमेलवर पावती मागणाऱ्या ग्राहकांचे हॅश केलेले ईमेल आणि दुकानातल्या खरेदीचा तपशील फेसबुकची मालक कंपनी मेटा हिच्याकडे पाठवत होती, जाहिरात बघून माणूस दुकानात आला का हे मोजण्यासाठी. तिथल्या प्रायव्हसी कमिशनरनी जानेवारी २०२३ मध्ये निष्कर्ष दिला की यासाठी संमती घेतलेली नव्हती. कंपनीच्या बचावातला एक मुद्दा असा होता, की सारखी संमती मागून ग्राहक कंटाळतात. तो मान्य झाला नाही. हा मुद्दा आपल्याकडेही तुमच्यापुढे येईल, म्हणून आत्ताच सांगतो. पावती हवी म्हणून ईमेल देणाऱ्याला आपली खरेदी समाजमाध्यमाच्या खात्याशी जोडली जाईल हे कळण्याचा काही मार्गच नसतो. ज्याला विचारलंच नाही, तो विचारण्याला कंटाळला कसा?

ट्विटरचं प्रकरण याहून वाईट. खातं सुरक्षित राहावं म्हणून लोकांनी दिलेले फोन नंबर आणि ईमेल जाहिरातदारांच्या याद्यांशी जुळवण्यासाठी वापरले गेले. २०१३ ते २०१९ या काळात १४ कोटींहून जास्त लोकांनी अशी माहिती दिली होती. मे २०२२ मध्ये कंपनीला १५ कोटी डॉलरचा दंड झाला. आणि बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने, फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीनुसार, ७० लाखांहून जास्त ईमेल फेसबुकवर चढवले, त्यातले ४० लाखांहून जास्त तिथल्या खात्यांशी जुळले. इथे यादीत काय काय लिहिलं होतं याने फरक पडत नाही. समुपदेशन देणाऱ्या कंपनीच्या यादीत तुमचं नाव आहे, यातच सगळं आलं.

जाहिरात प्लॅटफॉर्म या व्यवहारात नेमका कोण, हेही एकदा ठरायला हवं. करारात तो स्वतःला प्रोसेसर म्हणवून घेतो, म्हणजे आम्ही सांगू तेवढंच करणारा. जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात डेटा संरक्षण अधिकाऱ्यांनी एका ऑनलाइन दुकानाला फेसबुकवर चढवलेली यादी काढून टाकायला लावली. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०१८ मध्ये तिथल्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने अधिकाऱ्यांची बाजू उचलून धरली. त्यामागचा विचार असा, की यादीतल्या कुणाला जाहिरात दाखवायची हे फेसबुक स्वतःकडच्या माहितीवरून ठरवतं, तेव्हा तो निव्वळ सांगकाम्या राहत नाही. कामाच्या अनुभवावरून मला हे पटतं. आमची यादी घेऊन प्लॅटफॉर्म 'यांच्यासारखे' लाखो लोक शोधून देतो. त्यात आमची माहिती किती आणि त्याची किती, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

संमती मागे घेण्याचा हक्क सहाव्या कलमात आहे आणि ती देण्याइतकंच मागे घेणंही सोपं असावं, असं कलम म्हणतं. यंत्रणेत त्याचं काय होतं? ग्राहकाने नाही म्हटलं की मुख्य टेबलात खूण बदलते. रोजची जोडणी नीट केलेली असेल तर पुढच्या फेरीत नाव बाहेरच्या यादीतूनही निघतं. जोडणी फक्त नवी नावं घालण्याची असेल, आणि तशा पुष्कळ असतात, तर ते तिथेच राहतं. कुणी घाईत हाताने फाइल चढवली असेल तर तिचा माग फक्त त्या माणसाच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये असतो. यादीवरून आधीच शोधलेल्या 'यांच्यासारख्या' लोकांचं काय, हा प्रश्न तर कुणी विचारतही नाही. त्यातली एक गंमत सांगतो. ज्यांनी 'मला जाहिरात नको' म्हटलंय त्यांना जाहिरात दिसू नये म्हणून त्यांची वेगळी यादी करून तीसुद्धा प्लॅटफॉर्मवर चढवली जाते. हेतू चांगला, पण नकार देणाऱ्याचा नंबर त्याच्या नकारामुळेच बाहेर जातो. अशा वगळण्याच्या यादीला मुभा असावी की नसावी, यावर माझंही मत पक्कं नाही. नियमात त्याची सोय करायची असेल तर ती वापर फक्त वगळण्यापुरता बांधून करावी, इतकंच म्हणेन.

मुलांचा मुद्दा थोडक्यात. नवव्या कलमाने अठरा वर्षांखालच्यांना उद्देशून लक्ष्यित जाहिराती करायला मनाई केली आहे. शिकवणीच्या ॲपवर नंबर पालकाचा असतो, वापर मुलाचा. यादी बाहेर जाते तेव्हा तिच्यात वयाचा रकाना नसतो. शिवाय बंद झालेला मोबाइल नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो, तेव्हा जुन्या यादीतल्या नंबरामागे आज कोण आहे हेही सांगता येत नाही.

"हे सगळं तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही," असं तुम्हाला सांगितलं जाईल. तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवावी. मार्च २०२४ पासून युरोपातल्या वापरकर्त्यांची यादी गूगलकडे पाठवताना सोबत संमतीची खूण पाठवावी लागते: हा डेटा जाहिरातीसाठी द्यायला होकार आहे का, आणि त्यावरून वैयक्तिक जाहिरात दाखवायला होकार आहे का. हे दोन रकाने यंत्रणेत तयार आहेत. युरोपातल्या ग्राहकाच्या ओळीत ते भरलेले असतात, भारतातल्या ग्राहकाच्या ओळीत रिकामे राहिले तरी यादी जाते. तोच पडदा, तीच जोडणी, तोच अभियंता. फरक एवढाच की तिकडे कायद्याने विचारलं आणि इकडे अजून विचारलेलं नाही.

म्हणून खात्याने स्पष्टीकरण काढून सांगावं, की हॅश केलेला ईमेल किंवा मोबाइल नंबर ही वैयक्तिक माहितीच आहे आणि ग्राहक यादी जाहिरात प्लॅटफॉर्मला देणं हा स्वतंत्र हेतू आहे. पावतीसाठी, डिलिव्हरीसाठी किंवा ओटीपीसाठी दिलेल्या नंबरात तो गृहीत धरता येणार नाही. संमतीच्या सूचनेत 'आमचे विश्वासू भागीदार' असं न लिहिता प्लॅटफॉर्मचं नाव यावं. यामुळे याद्या लहान होतील आणि आमचे मॅच रेट पडतील. पडू देत. ज्यांनी होकार दिला त्यांची यादी लहान असली तरी कामाची असते.

अकराव्या कलमाने नागरिकाला आपली माहिती कुणाकुणाला दिली त्यांची नावं मागण्याचा हक्क दिला आहे. माझ्या दृष्टीने कायद्यातली ही सर्वांत धारदार तरतूद आहे, आणि आजच्या यंत्रणा तिला उत्तर देऊ शकत नाहीत. निर्यातीच्या लॉगमध्ये, म्हणजे यादी बाहेर पाठवल्याच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत, किती ओळी पाठवल्या आणि किती नाकारल्या गेल्या एवढंच असतं. अमुक माणूस अमुक तारखेला अमुक गटात होता आणि तो गट अमुक प्लॅटफॉर्मकडे गेला, ही नोंद बहुतेक ठिकाणी ठेवलीच जात नाही. ती ठेवायची तर टेबलांची रचना बदलावी लागते, आणि मोठ्या कंपनीत त्याला महिनोन् महिने लागतात. अधिसूचनेतल्या मुदतीनुसार मुख्य तरतुदी मे २०२७ मध्ये लागू होतील. या कायद्याखालच्या तक्रारी ऐकणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाकडे पहिली तक्रार येईपर्यंत थांबलात तर कंपन्या म्हणतील की आम्हाला माहीतच नव्हतं, आणि ते खोटंही नसेल. तेव्हा हे स्पष्टीकरण त्या मुदतीच्या पुरेसं आधी, आणि कायद्यात नोटिशीसाठी मान्य असलेल्या इंग्रजीत आणि सर्व बावीस भारतीय भाषांत यावं, ही विनंती.

आपला,
ग्राहक-डेटाच्या यंत्रणांवर काम करणारा एक अभियंता