अक्का, तुमच्या कपाटातल्या एका कप्प्यासाठी

अक्का,

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. तुम्ही तेलुगू भराभर वाचता, मराठी वाचताना मात्र अडखळता, हे मला ठाऊक आहे. समोर बसून बोलायला लागलं की तुम्ही "असू दे की गं" म्हणून विषय मोडता. म्हणून लिहायला बसले, आणि चारचौघांत लिहिते आहे. माझ्या अडचणीच्या वेळी कोण उभं राहिलं आणि कोणी तोंड फिरवलं, हे लोकांना कळू दे.

मी मंगळवेढ्याची. आमच्याकडची काळी जमीन पावसाचं पाणी पोटात धरून ठेवते आणि रब्बीची ज्वारी त्या ओलीवरच पिकते. मालदांडीची कणसं दुधात आली की पौषाच्या थंडीत शेतात हुरडा व्हायचा. वडील आगटीजवळ बसून कणसं भाजायचे आणि पहिली मूठ माझ्या हातावर ठेवायचे. भावाआधी माझ्या हातावर. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला पहिल्यांदा वडील आठवले. ते असते तर त्या दिवशी गावभर सांगत हिंडले असते.

आमच्या गावात पोराला दामाजीपंतांची गोष्ट कुणी मुद्दाम शिकवावी लागत नाही. दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून मरायला लागली, तेव्हा पंतांनी बादशहाचं धान्याचं कोठार परस्पर उघडलं. पुढं जीवावर बेतणार हे माहीत असूनही उघडलं. मी हे ऐकतच मोठी झाले. त्यामुळे कुणी दारात आलं तर आधी त्याला आत घ्यायचं, बाकीचं मागून बघायचं, असंच सगळीकडे असतं अशी माझी समजूत होती.

बारावीला मला चांगले मार्क होते. डी.एड. करून मास्तरीण व्हायचं मनात होतं. तेवढ्यात सोलापूरचं स्थळ सांगून आलं. टॉवेलचा धंदा, स्वतःचं घर, हुंड्याचा आग्रह नाही. घरातले म्हणाले, शिकायचं काय, तिकडं जाऊन शिक. लग्नानंतर शिक्षणाचा शब्द पुन्हा कुणाच्या तोंडून निघाला नाही.

त्या घरात काय काय झालं ते सगळं इथं लिहायचं नाही. तुम्हाला माहीत आहे, आणि माझी लेकही हे वाचणार आहे. एकच सांगते. त्या घरात माझी म्हणावी अशी वीतभर जागा नव्हती. माझ्या ट्रंकेची किल्ली सासूबाईंच्या कमरेला असायची. माहेरून आलेलं पत्र आधी फोडलं जायचं, मग माझ्या हाती यायचं. नवरा हात उचलायचा ते तर होतंच, पण रोज संध्याकाळी येऊन तो माझी उशी उचलून बघायचा, पिठाचे डबे हलवून बघायचा, त्यानं मी जास्त खचले. बारावीची मार्कशीट मी देवघराच्या फळीमागं प्लास्टिकच्या पिशवीत खोचून ठेवली होती. तेवढं एकच ठिकाण त्याला सापडलं नव्हतं.

तेव्हा तुमची माझी ओळख ती केवढी! पूर्व भागातल्या कारखान्यात बिड्या द्यायला तुम्ही आमच्या गल्लीतून जायचात. टोपली खाली ठेवून आमच्या पायरीवर दम खायचात, मी पाणी द्यायची. एवढंच. माझ्या दंडावरचा वळ तुम्ही एकदा बघितलात आणि काही बोलला नाहीत. निघताना फक्त म्हणालात, "कुंभारीला माझं घर आहे. माझ्या नावावर आहे." तेव्हा मला त्या बोलण्याचा अर्थ लागला नव्हता.

घर सोडलं त्या रात्री लेकीला कडेवर घेऊन मी आधी माहेरीच गेले. दुसरीकडे कुठं जाणार? भावानं दोन दिवस ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी काका, मामा, गावातली वजनदार मंडळी अशी बैठक बसली. सगळ्यांनी चहा घेतला, सगळ्यांनी मला समजावलं. संसार म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच. बापाच्या माघारी भावावर किती भार टाकशील? पोरीला बाप नको का? त्यातल्या एकानंही माझ्या लेकीकडे मान वळवून बघितलं नाही. ती दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. कायद्यानं २००५ साली मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा दिला. माझ्या भावानं मात्र वडील गेल्यावर भाऊबीजेला साडी नेसवून माझ्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. ज्या घराच्या ओट्यावर ही बैठक बसली, त्यातला माझा हिस्सा असा एका साडीत गेला होता. पोलीस चौकीत साहेब म्हणाले, घर नवऱ्याचं आहे, तो ठेवेल तसं राहा. सासरच्या घरात राहण्याचा बाईला हक्क देणारा कायदासुद्धा २००५ सालचाच, हे मला पुढं खूप उशिरा कळलं. त्या साहेबांना ते तेव्हाही माहीत असायला हवं होतं.

तिथून मी तुमच्याकडे आले.

सोलापूरजवळच्या कुंभारीची ती वसाहत शोधताना संध्याकाळ झाली. सगळी घरं सारखी. कम्युनिस्ट पुढारी गोदूताई परुळेकरांचं नाव दिलेली, बिडी वळणाऱ्या बायकांची १०,००० घरं. तुम्ही त्यासाठी मोर्चांत किती चाललात, घोषणा देऊन घसा कसा बसायचा, आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग सोलापुरात आले त्या दिवशी तुम्ही ठेवणीतलं पातळ नेसून कशा गेलात, हे सगळं तुम्ही मला नंतर सांगितलंत. त्या दिवशी मला दिसलं ते एवढंच, की दार उघडं आहे, तुम्ही मांडीवर सूप घेऊन बसला आहात, सुपात तंबाखू आहे आणि कातरलेली पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली आहेत. तुम्ही मान वर केलीत आणि म्हणालात, "रा अम्मा, आत ये."

तुम्ही जेवू घातलंत. दवाखान्यात नेलंत, वकिलीणबाईंकडे नेलंत, कोर्टाच्या तारखांना मजुरी बुडवून माझ्याबरोबर आलात. एकेकाचे आभार मानायचे तर पानं पुरणार नाहीत. पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. ते तुमच्या लक्षातही नसेल.

तुमच्याकडे एक लोखंडी कपाट होतं, हिरवट रंगाचं, दाराचा आरसा कोपऱ्यात उडालेला. एवढ्या माणसांच्या घरात तेवढं एकच कपाट. सकाळी पानं भिजत घालून तुम्ही ते उघडलंत आणि मधला कप्पा रिकामा करायला घेतलात. तुमच्या ठेवणीतल्या साड्या, लेकीच्या बाळंतपणासाठी जपून ठेवलेल्या चादरी, सगळ्याचं गाठोडं बांधून कॉटखाली सरकवलंत. कप्पा ओल्या फडक्यानं पुसलात. वाळेपर्यंत थांबलात. मग आदल्या वर्षीच्या तेलुगू कॅलेंडरचं पान बरोबर मापात दुमडून त्यावर अंथरलंत आणि दोन कोपऱ्यांत दोन डांबरगोळ्या ठेवल्यात. आतल्या चोरकप्प्यातून तुमची पासबुकं काढलीत, त्याची किल्ली बिडीच्या दोऱ्यात ओवलीत, दोरा दाताने तोडलात आणि किल्ली माझ्या हातावर ठेवलीत. म्हणालात, "हे तुझं. ह्यात मी हात घालणार नाही, पोरं घालणार नाहीत. रडायलीस कशाला, सामान लाव की."

सामान ते काय होतं? लेकीचे दोन फ्रॉक, तिचा जन्माचा दाखला, आईनं दिलेल्या पाटल्या आणि ती मार्कशीट. मी मार्कशीट चोरकप्प्यात ठेवली आणि किल्ली फिरवली. त्या कुलुपाचा आवाज झाला तेव्हा माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं, अक्का. इतकी वर्षं लपवालपवी करून जे राखलं होतं, ते आता उघडपणे माझं होतं. त्या रात्री मला झोप लागली.

किती दिवस राहणार, हे तुम्ही मला त्या सकाळी विचारलं नाहीत, पुढंही कधी विचारलं नाहीत. तुमच्या सुनेला विचारू दिलं नाहीत. माझ्या माहेरी पाच खोल्या आणि माळवद आहे. तिथं प्रत्येक घासाबरोबर मला हा प्रश्न आला होता. माझ्या गावच्या पंतांनी कोठार उघडलं ते बादशहाचं होतं. तुमच्याकडे होतं ते एकच कपाट, आणि तेही भरलेलं. तरी तुम्ही त्यात जागा केलीत. माझ्या लेखी तुमचं पारडं जड आहे, गावकऱ्यांना राग आला तर येऊ दे.

भाकरीचा धंदाही तुमच्याच तोंडातून निघाला. दिवसभर हजार बिड्या वळून बायकांची बोटं इतकी दुखायची, की संध्याकाळी परातीत पीठ घ्यायचं जीवावर यायचं. तुम्ही दारोदार जाऊन सांगितलंत, ही मंगळवेढ्याची आहे, हिच्या हातची भाकरी खाऊन बघा. पहिल्या आठवड्याची गिऱ्हाइकं सगळी तुमच्या ओळीतली. पुढं कडक भाकरी करायला लागले. पातळ थापायची, दोन्ही अंगांनी भाजायची आणि पार कडकडीत होईपर्यंत वाळवायची. मग ती कितीतरी दिवस टिकते, मुंबई-पुण्याला नेता येते. जोडीला शेंगाचटणी, उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरली की आता आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. हाताखाली बायका आहेत. त्यातल्या दोघी घर सोडून आलेल्या. लेक नर्सिंगला आहे. हे सगळं त्या कप्प्यावर उभं आहे, असं मी म्हटलं की तुम्हाला ते अति वाटतं. वाटू दे.

हे पत्र आत्ताच का लिहिते आहे, तेही सांगते. परवा तुमच्याकडे आले होते. कोर्टाचा एक जुना कागद तुमच्याकडे राहिला असेल असं वाटलं, म्हणून मी सवयीनं कपाट उघडलं. माझ्या कप्प्यात कुणाची तरी चेनवाली पिशवी होती, शेजारी लहान मुलाचे बूट. खाली नवीन कॅलेंडरचं पान, कोपऱ्यात डांबरगोळ्या. तुम्ही लगबगीनं उठलात आणि माझ्या हातून कपाटाचं दार लावून घेतलंत. "तिचं आहे ते, बघायचं नाही." कोण ती, कुठली, काय झालं, एक अक्षर तुम्ही मला सांगितलं नाहीत. मलासुद्धा नाहीत. मी गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि मला पुढं चालवेना. माझ्याबद्दलही तुम्ही असंच कुणाकुणाला परतवलं असेल. माझा नवरा शोधत आला होता म्हणे तेव्हा. माझ्या कानावर ते तुमच्या शेजारणीकडून आलं, तेही किती वर्षांनी.

त्या बाईला माझा निरोप सांगा. काम हवं असेल तर माझ्याकडे आहे. पीठ मळायला येत नसेल तर शिकवीन. मुलाला बरोबर आणलं तरी चालेल. तिला बोलायचं नसेल तर कुणी काही विचारणार नाही.

आता हे नातीसाठी. बाळा, इथपर्यंत मोठ्यानं वाचलंस ना? मग पुढचं आणखी मोठ्यानं वाच. तुझी आजी मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या दिवाळीपासून पुढं ढकलते आहे, आणि पैशाचं पाकीट मी दिलं की माझ्याच पिशवीत परत टाकते. या शनिवारी सकाळी मी रिक्षा घेऊन येते. डॉक्टरांशी बोलणं झालं आहे, लेकही बरोबर असेल. आजीला आंघोळ करून तयार राहायला सांग, आणि चूल पेटवू देऊ नकोस. सगळ्यांचं जेवण मी घेऊन येते आहे, त्या पाहुण्या बाईचं आणि तिच्या मुलाचंही.

तुमची,
मंगळवेढ्याची भाकरीवाली