मंत्रिमहोदय, मुक्त मार्ग जिथे उतरतो तिथे एकदा येऊन बघा

मा. मंत्रिमहोदय,
सा. न. वि. वि.

परवा माझ्या बाबांची अँजिओग्राफी रद्द झाली. सकाळी उपाशीपोटी हजर राहायचं होतं. घाटकोपरहून टॅक्सी केली. पूर्व मुक्त मार्गानं बोगदा, वडाळा, शिवडी भराभर मागे पडलं आणि दक्षिण मुंबईत जिथे हा मार्ग संपतो, त्या ऑरेंज गेटच्या उताराआधी गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. दोन्हीकडे काँक्रीटचा कठडा. मागे फिरता येत नाही, उतरून चालताही येत नाही. बाबांना मधुमेह आहे. त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणं अडखळलं. मी ग्लुकोजची पुडी फोडून त्यांच्या जिभेवर टाकली. ते सावरले, पण उपास मोडला, वेळही टळली. पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. हृदयाच्या पेशंटनं तीन आठवडे कसे काढायचे, ते तुम्हीच सांगा.

विनंती साधी आहे. सकाळ-संध्याकाळ या उताराशी वाहतूक पोलीस हवेत आणि रुग्णवाहिका पुढे काढण्याची सोय हवी.

हा रस्ता 2013 च्या जूनपासून टप्प्याटप्प्यानं खुला झाला. सतरा किलोमीटरला थोडा कमी, सिग्नल एकही नाही. पण सिग्नल नसलेल्या रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या शेवटी पी. डिमेलो रोडच्या सिग्नलवरच येऊन पडणार, हे आखणी करताना कुणाला दिसलं नाही? 2024 मध्ये अटल सेतू आला. वीस मिनिटांत नवी मुंबई, अशी जाहिरात झाली. त्याच्याही गाड्या शिवडीला याच मार्गावर सोडल्या. घाटकोपरच्या छेडानगरला तीन उड्डाणपूल बांधले, तर कोंडी विक्रोळीकडे सरकली. आता छेडानगरहून ठाण्यापर्यंत आणखी तेरा किलोमीटर उन्नत रस्ता होतोय. ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह बोगदा तयार व्हायच्या आधी तो खुला केलात, तर ठाण्याची गर्दीही याच उतारावर येईल. आधी बोगदा, मग ठाणे, एवढा तरी क्रम पाळा.

आणि हे सगळं कुणासाठी? मुक्त मार्गावर दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी. माझा भाऊ कुरिअरच्या कामासाठी बाइकवरून रोज फोर्टात जातो, तो खालच्या खड्ड्यांतून. वहिनी लोकलच्या दारात लटकून जाते. हजारो कोटी मोटारवाल्यांसाठी निघतात आणि बस वाढवा म्हटलं की तिजोरीत खडखडाट! या मार्गावर बससाठी वेगळी मार्गिकाही नाही. आम्ही कर भरतो, मत देतो, पण रस्ता आखताना आम्हाला कोणी विचारत नाही. उद्घाटनाला मात्र मंडप आमच्याच नाक्यावर पडतो.

‘योग्य कार्यवाहीसाठी पुढे पाठवले आहे’ असं उत्तर कृपया पाठवू नका. उतारावर पोलीस कोणत्या तारखेपासून उभे राहतील, तेवढंच कळवा.

आपली,
घाटकोपरची एक रहिवासी