सॅच्युरेशनआधी उजेड बघायला लावणाऱ्या काकांना

प्रिय काका,

फोटोतलं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, किती वाढवू, एवढाच माझा प्रश्न होता. पोर्ट्रेटमधला चेहरा मलूल दिसत होता. तुम्ही एखादा आकडा सांगाल, मी स्लायडर तिथवर ओढीन आणि काम हातावेगळं होईल, असा माझा सरळ हिशोब. तुम्ही उलट मलाच कामाला लावलंत. "गालाचे आरजीबी आकडे वाचून दाखव. मग कपाळाचे. मग हनुवटीखालच्या सावलीचे. रंगाचं नंतर बोलू." त्या उत्तराबद्दल, आणि पुढे सवड काढून जे जे शिकवलंत त्याबद्दल, हे आभाराचं पत्र. उघड लिहितेय, कारण हल्ली तोच प्रश्न लोक मला विचारतात, आणि दर वेळी तुमचं उत्तर माझ्या नावावर खपवणं काही बरं नव्हे.

आरजीबी म्हणजे लाल, हिरवा, निळा या तीन चॅनलचे 0 ते 255 मधले आकडे. गालाचे होते लाल 196, हिरवा 148, निळा 122. रंग ठीकच आहे, म्हणालात. चेहरा मलूल दिसतोय तो कॉन्ट्रास्ट कमी पडलाय म्हणून. कर्व्हला, म्हणजे उजेड-सावली कमीजास्त करायच्या रेघेला, हलकासा एसचा आकार दिल्यावर (उजळ भाग वर, गडद भाग खाली) लाल 210 वर चढला, हिरवा 153 वर गेला, निळा 120 वर उतरला. सॅच्युरेशनच्या स्लायडरला कोणी हातही लावला नव्हता, तरी लाल आणि निळ्यातलं अंतर 74 वरून 90 झालं होतं. आरजीबी कर्व्ह तिन्ही चॅनल ताणतो. उतार वाढला की चॅनल एकमेकांपासून लांब जातात, आणि चॅनलमधलं हे अंतरच डोळ्याला रंगाचा भडकपणा म्हणून दिसतं. त्यामुळे ज्याने आधी सॅच्युरेशन वाढवलं आणि मग कॉन्ट्रास्ट, त्याने रंग दोनदा चढवला, हे तुमचं म्हणणं पटायला दुसरा पुरावा लागला नाही. रंग जागचा न हलता फक्त उजेड-सावली हवी असेल, तर कर्व्हच्या लेयरचा ब्लेंड मोड (वरचा थर खालच्यात कसा मिसळायचा ती सोय) ल्युमिनॉसिटी, म्हणजे फक्त उजेडापुरता, करायचा, हेही त्याच बैठकीत कळलं. मी फोटोशॉप वापरत होते, तो मोड यादीत रोज दिसत होता, पण तो कशासाठी आहे हे कोणी असं गालावर बोट ठेवून दाखवलं नव्हतं.

तुमचा हा क्रम कुठून आला ते नंतर उलगडलं. तुम्ही फिल्मच्या जमान्यात रंगीत प्रिंट काढायचात. निगेटिव्ह मोठी करून कागदावर उतरवणाऱ्या एनलार्जरवर हातात काय असायचं? एक्स्पोजरची वेळ, आणि सायन, मजेंटा, पिवळा असे तीन फिल्टर. सॅच्युरेशन नावाची चावी तिथे नव्हतीच. ते फिल्म आणि कागद निवडतानाच ठरून जायचं. म्हणून आधी प्रिंटची घनता बरोबर आणायची, मग झाक काढायची, आणि तेवढं जमलं की रंग आपसूक बसायचा. (प्रिंटमध्ये मजेंटा जास्त दिसला तर मजेंटा फिल्टर आणखी घालायचा, कारण निगेटिव्हवरून सगळं उलटं चालतं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा तुमच्या पिढीबद्दलचा माझा आदर भलताच वाढला.) फोटोशॉप 1990 मध्ये आलं. रंगाचा स्लायडर हाताशी आला आणि मधल्या पायऱ्या गाळायची सोय झाली, हे तुमचं निदान जरा कडक आहे, पण खोटं म्हणता येत नाही.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं होतं ते कातडीचं तुम्ही करून दिलेलं पृथक्करण. तुम्ही एकच फोटो तीन चॅनलमध्ये फोडून शेजारी शेजारी लावलात. लाल चॅनलमध्ये चेहरा उजळ, नितळ, डाग जवळपास गायब. हिरव्यात ओळखीचा. निळ्यात तोच चेहरा काळवंडलेला, प्रत्येक पुटकुळी, प्रत्येक वांग ठळक, आणि वर नॉइजची, म्हणजे बारीक ठिपक्यांची, भुरभुर. कारण शरीरात आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा आणि निळा प्रकाश पुष्कळ शोषतं, मेलॅनिन निळ्याकडे जास्त शोषतं, लाल मात्र बराचसा परत येतो. कोणत्याही माणसाची कातडी घ्या, साध्या पांढऱ्या उजेडात लाल सगळ्यात वर, मग हिरवा, मग निळा, हीच उतरंड सापडते. सगळ्या माणसांच्या कातडीत हीच द्रव्यं, फक्त प्रमाण कमीजास्त. व्हिडिओवाले व्हेक्टरस्कोपवर (चित्रातले रंग गोलावर मांडून दाखवणारा आलेख) त्वचेसाठी एकच तिरकी रेघ वापरतात, साधारण 123 अंशांवरची, आणि गोऱ्यापासून काळ्यापर्यंत सगळे चेहरे त्या रेघेच्या आसपास येऊन पडतात, ते याच कारणाने.

त्यापुढचं वाक्य मी भिंतीवर लिहून ठेवलंय: तपकिरी म्हणजे कमी उजेडातला नारिंगी. एचएसएलच्या पॅनलमध्ये (तिथे एकेका रंगाचा ह्यू म्हणजे छटा, सॅच्युरेशन आणि ल्युमिनन्स म्हणजे उजळपणा वेगवेगळा बदलता येतो) तपकिरीचा स्लायडर का नाही, याचं उत्तर त्यात आहे. सगळ्या कातड्या नारिंगीच्या स्लायडरखाली येतात, थोडा भाग लालमध्ये जातो, थोडा पिवळ्यात. चेहऱ्यावर चट्टे दिसतात ते बहुतेक वेळा या फाटाफुटीमुळे: नाकाचा शेंडा आणि कान लालकडे सरकलेले, कपाळ पिवळ्याकडे. अशा चेहऱ्याचं सॅच्युरेशन वाढवणं म्हणजे बेसूर गाण्याचा आवाज मोठा करणं. तुमचा उपाय असा की लालचा ह्यू जरासा नारिंगीकडे ढकलायचा, पिवळ्याचाही नारिंगीकडे आणायचा, ओठांवर मास्क (ठरावीक भाग वेगळा काढणारा पडदा) घालून ते वगळायचे, आणि मग पाहायचं की रंग वाढवायची गरज उरलीय का. सहसा उरत नाही. चट्टे नेमके कुठे आहेत ते सापडत नसेल तर वर एक तात्पुरता लेयर घ्यायचा, सॅच्युरेशन मुद्दाम शेवटापर्यंत न्यायचं, चेहरा नकाशासारखा रंगीबेरंगी झाला की जागा टिपायच्या आणि तो लेयर फेकून द्यायचा. सॅच्युरेशनचा स्लायडर पूर्ण उजवीकडे नेण्याचं एवढं एकच सयुक्तिक कारण मला माहीत आहे.

आता नारिंगीच्या ल्युमिनन्सचं. हा स्लायडर फार गोड बोलतो. उजवीकडे सरकवला की चेहरा तत्काळ उजळतो, फोटोतला माणूस खूश होतो, पैसे देणाराही खूश होतो. "थोडं उजळ करा ना" ही मागणी कोणाकडून येत नाही? मी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही एका ओळीत उत्तर दिलंत: उजेड वाढवायचा तर चेहऱ्यावर पडलेला वाढव, कातडीतला वाढवू नकोस. तेव्हा हे मला शब्दांचा खेळ वाटलं. मग तुम्ही एका सावळ्या वयस्कर बाईंच्या पोर्ट्रेटवर दोन्ही करून दाखवलंत. नारिंगीचा ल्युमिनन्स वाढवलेल्या प्रतीत गाल राखट झाले होते, डोळ्यांखालच्या सुरकुत्या सपाट, आणि मान मात्र जुन्याच रंगाची. दुसऱ्या प्रतीत चेहऱ्याभोवती मोठा, मऊ कडांचा मास्क घेऊन एक्स्पोजर वाढवलं होतं, सावल्या होत्या तिथेच ठेवल्या होत्या, आणि गालाच्या हाडावरची चकाकी जपली होती. बाई तितक्याच सावळ्या होत्या, पण खिडकीच्या जवळ येऊन बसल्यासारख्या. गडद त्वचेवर चेहऱ्याची ठेवण पुष्कळशी त्या चकाकीतूनच वाचली जाते. सावल्या उपसून वर काढल्या की चकाकी आणि सावलीतलं अंतर मिटतं आणि चेहऱ्याचा घाटच जातो, हे मला त्या दोन प्रतींमध्ये दिसलं.

त्याच ओघात तुम्ही शर्ली कार्डांबद्दल बोललात. कोडॅकची ती नमुना कार्डं, ज्यांवर गोऱ्या बाईचा फोटो असे आणि प्रिंटवाले त्या चेहऱ्याशी जुळवून यंत्र लावून घेत. ती कातडी बरोबर आली म्हणजे रंग बरोबर आला, बाकीच्यांनी आपापलं पाहावं. आज चित्र पालटतंय; गूगलने 2022 मध्ये समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची पट्टी वापरायला घेतली. पण तुमचं म्हणणं असं की पट्टी कितीही मोठी झाली तरी शेवटचा स्लायडर माणूसच ओढतो, आणि त्याच्या डोक्यात जुनं कार्ड असेल तर उपयोग काय. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

लाल चॅनलचा धडा मात्र मला एका लहान मुलाच्या फोटोवर मिळाला. ऊन तिरपं, गाल लालबुंद, आणि एकंदर हिस्टोग्राम (कुठल्या उजेडाचे किती ठिपके आहेत तो आलेख) पाहिला तर सगळं आलबेल. तुम्ही तिन्ही चॅनल वेगळे उघडायला सांगितलेत. लाल 255 ला जाऊन भिंतीला चिकटला होता. गालावर ज्या जागी बारीक लव दिसायला हवी तिथे सपाट नारिंगी डबका. चेहऱ्यात लाल आधीच वर असतो, त्यामुळे सॅच्युरेशन वाढवलं की टोकाला पहिल्यांदा तोच आदळतो; हिरवा आणि निळा मागे राहतात आणि त्वचेचा पोत नाहीसा होतो. रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती, असल्यामुळे निभावलं. 14 बिटांच्या रॉमध्ये एका चॅनलला 16,384 पायऱ्या, 8 बिटांच्या जेपेगमध्ये 256, हा फरक एरवी नुसता वाचलेला असतो, गालावरची लव परत आली तेव्हा तो उमगला.

आजूबाजूच्या रंगांबद्दलही तुमचा एक डाव मी सर्रास वापरते. चेहरा फिका वाटत असेल तर चेहऱ्याला हात लावायचा नाही, मागच्या झाडीचा हिरवा थोडा उतरवायचा. भडक पार्श्वभूमी नजर ओढून घेते, ती शमली की चेहरा पुढे येतो. पण मागचा हिरवा हेच चेहऱ्याच्या लालीचं कारण असतं, हेही तुम्ही बजावलंत. शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना बदलतात हे शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1839 मध्ये सविस्तर मांडलं. गोबलँच्या विणकामशाळेत रंगाईचं काम बघताना त्याला ते जाणवलं होतं. हिरव्यासमोर कातडी आहे त्याहून लाल भासते, त्यामुळे हिरवा उतरवल्यावर चेहरा पुन्हा तपासायचा. आणि गवतावरून उसळलेला हिरवा हनुवटीखाली बसतो तो भास नसतो, तो खराच तिथे असतो. त्याला मास्क घेऊन चिमूटभर मजेंटा.

मॉनिटरचं थोडक्यात. स्क्रीन 6500 केल्विनला कॅलिब्रेट करायची, फार प्रखर ठेवायची नाही, मागची पाटी करडी ठेवायची, आणि वेबसाठी फाईल एसआरजीबी या वेबवर सर्रास चालणाऱ्या रंगमापात काढायची. अॅडोबी आरजीबी या जास्त रुंद रंगमापातला फोटो प्रोफाइल (फाईलमधली रंगमापाची नोंद) न वाचणाऱ्या ठिकाणी गेला की रंग विटके दिसतात, मग माणूस घाबरून सॅच्युरेशन वाढवतो आणि बरोबर असलेला फोटो भडक करून ठेवतो. आणि दर थोड्या वेळाने उठून खिडकीबाहेर बघायचं. डोळे चढलेल्या रंगाला सरावतात, मग तोच कमी वाटायला लागतो. डोळ्यांचं पांढरं आणि दात यांतला पिवळा थोडाच काढायचा, हेही तुमचंच. तो अगदी काढला की माणूस नव्या रंगवलेल्या बाहुलीसारखा दिसतो.

एका बाबतीत मात्र मी अजून तुमच्याशी भांडणार आहे. व्हायब्रन्स नावाच्या दुसऱ्या स्लायडरला तुम्ही आळशी माणसाचं सॅच्युरेशन म्हणता. तो कमी चढलेल्या रंगांना जास्त उचलतो आणि त्वचेच्या रंगाला सांभाळून घेतो, आणि दहा माणसांच्या ग्रुप फोटोत प्रत्येकाला मास्क घालत बसायला वेळ नसतो तेव्हा तो फार उपयोगी पडतो. सॅच्युरेशन किंचित उणे, व्हायब्रन्स किंचित अधिक, असं मी करते आणि करत राहणार. तुमच्या कर्व्हनंतर करते, एवढं मान्य करा.

तुम्ही दिलेल्या वेळेचा मोबदला घ्यायला तुम्ही तयार नाही, तेव्हा मनापासून आभार, आणि सोबत आणखी एक फाईल. मागून ऊन आहे, केसांच्या कडेला निळी झाक आलीय, आणि चेहऱ्यावरची सावली गरम केली की ती झाक आणखी उठून दिसते. आकडे या वेळी न विचारता लिहून पाठवलेत.

तुमची,
स्लायडर जरा सबुरीने ओढणारी विद्यार्थिनी