झुंबा म्हणजे 'झूमना' नव्हे

महोदय,

कालच्या पुरवणीतला झुंबावरचा लेख वाचून राहवलं नाही, म्हणून लिहिते आहे. मी सांगलीत गेली आठ वर्षं झुंबा, म्हणजे गाण्याच्या ठेक्यावर नाचत करायचा व्यायाम, शिकवते. हा शब्द हिंदीतल्या 'झूमना'वरून आला आणि गाणं लावून केलेल्या कुठल्याही व्यायामाला झुंबाच म्हणतात, अशी दोन विधानं आपण छापलीत. दोन्ही चूक आहेत. एखाद्या शिकवणाऱ्या बाईला फोन केला असता तरी पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

हा शब्द कुठल्याही देशातल्या आजीबाईंनी वापरलेला जुना शब्द नाही, तो ठरवून ठेवलेलं नाव आहे. कोलंबियातल्या काली शहरातले बेटो पेरेझ एरोबिक्स शिकवायचे. एकदा ते वर्गाच्या गाण्यांची कॅसेट घरीच विसरले आणि जवळ होत्या त्या साल्सा-मेरेंगे या लॅटिन अमेरिकी नाचगाण्यांच्या कॅसेटवर त्यांनी तो तास घेतला, असं ते स्वतः सांगतात. पुढे ते अमेरिकेत मायामीला गेले. तिथे 2001 मध्ये अल्बर्टो पर्लमन आणि अल्बर्टो अघिओन यांच्यासोबत कंपनी काढली, तेव्हा 'रुंबा'शी यमक जुळणारं 'झुंबा' हे नाव ठेवलं. कोलंबियात रुंबा म्हणजे नाचगाण्याची धमाल. स्पॅनिशमध्ये 'सुंबार' म्हणजे गुणगुणणं, भुणभुणणं असं क्रियापद आहे खरं, पण 'झूमना'चा इथे दुरूनही संबंध येत नाही. आणि एकाच लेखात एकदा 'झूम्बा', एकदा 'जुंबा'? आपल्याकडे 'झाड'मधला झ आहे, तो इथे नेमका बसतो. तो तरी नीट वापरा.

झुंबा हा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. रीतसर प्रशिक्षण घेऊन परवाना मिळाल्यावरच त्या नावाने वर्ग घेता येतो. कुणी म्हणेल, आपण कुठल्याही यंत्रावर काढलेल्या प्रतीला झेरॉक्स म्हणतो, वनस्पती तुपाला डालडा म्हणत आलो, मग इथेच एवढा आग्रह कशाला? माझंही आधी हेच मत होतं. आत्याचा गुडघा सुजला तेव्हा ते बदललं.

माझी सख्खी आत्या, वय 64. गेल्या दिवाळीनंतर तिने घराजवळच्या एका वर्गात नाव घातलं. बाहेर हातभर अक्षरांत 'झुंबा' लिहिलेलं होतं. मला आनंदच झाला. आठव्या दिवशी रिक्षातून उतरताना तिला उजवा पाय टेकवेना. मी धावत गेले तर मलाच म्हणाली, "तुझ्या त्या झुंब्यानं माझा गुडघा घालवला बघ." शब्द तिच्या तोंडी इतका रुळला होता की त्याला विभक्तीही लागली होती, पण वर्गात तिच्याकडून काय करून घेतलं होतं? जागेवर उड्या, उठाबशा, पुन्हा उड्या. गाणी कुठली होती, असं विचारलं तर म्हणाली, "गाणी कुठली गं! तो मुलगा मोठमोठ्यानं आकडे मोजत होता."

तिथेच मला सगळं कळलं. झुंबात आकडे मोजत नाहीत. शिकवणारी तोंडाने फारसं बोलतच नाही, पुढची स्टेप हाताच्या खुणेने दाखवते आणि समोरच्या बायका गाण्याच्या ठेक्यावर ती उचलतात. सुरुवातीला अंग मोकळं करायचं गाणं, शेवटी श्वास खाली आणणारं संथ गाणं. मधे मेरेंगे, साल्सा, कुंबिया, रेगेटॉन. मेरेंगे म्हणजे जवळजवळ जागच्या जागी चालणं, पहिल्या दिवशी कुणालाही जमतं. कुंबियात एक पाय जड झाल्यासारखा मागे राहतो, कंबर आपोआप हलते. हिंदी-मराठी गाणं घेऊ नये असं कुणी म्हणत नाही, मीही घेते. पण उड्या आणि उठाबशा म्हणजे झुंबा नव्हे. वयस्कर मंडळींसाठी तर 'झुंबा गोल्ड' हा वेगळा प्रकारच आहे. त्यात उड्या नसतात, वेग कमी असतो. आत्याला ते हवं होतं आणि पाटी वाचून ते मिळेल असं तिला वाटलं. सहा आठवडे तिला जिना बंद होता. माझ्या वर्गात ती आजही यायला तयार नाही, कारण तिच्या लेखी ते नावच गुडघेदुखीचं झालं आहे. तुमचा लेख वाचून उद्या अशा आणखी चार पाट्या लागतील, आणि त्या वाचून कुणाची तरी आत्या, कुणाची सासू आत जाईल.

आणखी एक गोष्ट, लिहायला बसलेच आहे तर लिहिते. मागच्या महिला दिनाला आपल्या छायाचित्रकाराने आमच्या वर्गाचे फोटो काढले. आम्ही हो म्हटलं होतं ते वर्ग संपल्यावरच्या एकत्र फोटोसाठी. छापून आला तो नाचतानाचा, पहिल्या रांगेतल्या दोघींचे चेहरे स्पष्ट दिसणारा. त्यातल्या एकीच्या घरी तो सासरच्यांनी पाहिला. ती दोन वर्षं नियमित येत होती, तिची साखर आटोक्यात आली होती. त्यानंतर ती आलेली नाही. मी तेव्हा आपल्या कार्यालयात फोन केला होता, "बघतो" असं उत्तर मिळालं.

कालच्या लेखासोबतही तोच फोटो पुन्हा आहे. तो आपल्या संग्रहातून काढून टाकावा आणि शब्दाच्या अर्थाची दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच जागी छापावी, ही विनंती.

— एक झुंबा प्रशिक्षक, सांगली